खालची बारीक ओळ

बार्शीटाकळी, जि. अकोला
गुरुवार, २६ सप्टेंबर २०२४

सिंधूताई पांढरीपांडे यांना सहदेव मेहरेचा हात जोडून नमस्कार.

ताई, मी पाचवी पास माणूस. सहावीत गणिताने पाडलं आणि बापाने मळ्यात उभं केलं, तो मी अजून मळ्यातच आहे. लिहिण्यात काही चुकलं तर तुम्ही पोटात घाला. माझ्या पोटात मात्र आता मावत नाही, म्हणून लिहितो.

तुमचं शेवंती मंडळाचं गुरुवारचं पत्र मला तीन गुरुवार झाले आलं नाही. सकाळी सहाला मोबाईल टिण करतो आणि मी चष्मा पुसून बसतो, हा दोन वर्षांचा नेम आहे. पहिल्या गुरुवारी वाटलं, गणपतीचे दिवस आहेत, ताई थकल्या असतील. दुसऱ्या गुरुवारी वाटलं, रेंज नसेल, म्हणून मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीवर चढलो. जयवंताने, म्हणजे आमच्या कारभारणीने, खालून हाका मारून गल्ली गोळा केली. आज तिसऱ्या गुरुवारी अकोल्याच्या कुंदनला फोन लावला. तो तुमच्या यादीत आहे. म्हणाला, "मले तं आलं ना भाऊ, आज लई मस्त होतं." त्या 'मस्त'ने माझी सकाळची भाकर कडू केली.

म्हणजे मलाच वगळलं.

ताई, आमच्याकडे लग्नाचं आवतण द्यायला माणूस दारोदार फिरतो, हातावर अक्षता ठेवतो. चूलबंद आवतण म्हणजे घरातल्या सगळ्यांना, त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही. एखादं घर वगळलं तर ते विसरून वगळलेलं नसतं. मग त्या घराने दोन जाणती माणसं सोबत घ्यायची आणि उंबऱ्यावर उभं राहून विचारायचं, आमचं काय चुकलं? तुमच्या मेलच्या यादीला उंबराच नाही. मी कुठे उभा राहू?

मीच आठवून पाहिलं. ऑगस्टमध्ये मी तुम्हाला कार्ड टाकलं होतं की शेवंतीवर भुरीची पांढरी बुरशी आली तर आंबट ताक शिंपडावं. तुम्ही पाच सप्टेंबरच्या पत्रात छापलं, 'बार्शीटाकळीच्या एका वाचकाचा ताकाचा सल्ला शास्त्रीय नाही.' नाव लिहिलं नाही हे तुमचे उपकार, पण बार्शीटाकळीत तुमचा वाचक मी एकटाच. त्यानंतरच पत्र बंद. ताकामुळे काढलं का? तसं असेल तर ताक मागे घेतो.

तुमचं पत्र मी कधी एकट्याने वाचलं नाही. प्रसाद एकट्याने खाऊ नये. मला मोबाईलची दोनच बटणं येतात, एक उघडायचं आणि एक बाणाचं. बाण दाबला की पत्र माझ्या अकरा माणसांना जातं. दुपारी मी एकेकाला फोन करून विचारतो, वाचलं का, तिसऱ्या परिच्छेदात काय आहे? तीन गुरुवार त्यांनाही पत्र नाही, पण अजून एकानेही विचारलं नाही की का आलं नाही. बिचारे संकोचत असतील.

मुख्य काळजी वेगळी आहे. एक डिसेंबरला अमरावतीत मंडळाचा मेळावा आहे, त्याचं आमंत्रण यादीतूनच येतं. आमच्या जुन्या पिवळ्या शेवंतीच्या चाळीस कुंड्या मी त्या दिवसासाठी धरल्या आहेत. बिनआवतणाचा मी उभ्या जन्मात कोणाच्या मांडवात गेलो नाही.

जयवंता म्हणते, "मेलच्या यादीतून काढलं तं काढलं, राशनच्या यादीतून तं नाही ना काढलं?" तिला हसू येतं. मला झोप येत नाही.

उत्तर कागदावर द्या. मेलवर दिलं तर मला येणार नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

आपला
सहदेव मेहरे

---

रुक्मिणीनगर, अमरावती
३ ऑक्टोबर २०२४

श्री. सहदेव मेहरे यांस,

आपले पत्र वाचून मला आश्चर्य वाटले. खरे सांगायचे तर थोडा रागही आला.

मी आपल्याला काढलेले नाही. आपण स्वतः गेलात. ५ सप्टेंबरला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मला यंत्राची सूचना आली की सहदेव मेहरे यांनी यादी सोडली आहे. जाणाऱ्याला चार कारणे दाखवली जातात आणि त्यातले एक निवडावे लागते. आपण निवडलेत, 'मजकूर उपयोगाचा नाही.'

मी एकतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. वर्गात मुले झोपलेली पाहिली आहेत, पण उठून 'उपयोगाचे नाही' असे कोणी तोंडावर सांगितले नव्हते. दोनशे बारा लोकांच्या यादीतून एक गेला तर काय बिघडले, असे मी स्वतःला सांगितले. तरी पुढचे दोन गुरुवार लिहिताना प्रत्येक वाक्याला मी विचारत होते, 'हे तरी उपयोगाचे आहे का?'

ताकाबद्दल लिहिल्याचा आपल्याला राग आला, असाच माझा समज झाला. सल्ला तपासून न पाहता मी तसे लिहायला नको होते, हे मान्य करते.

आपले नाव पुन्हा यादीत घातले आहे. १० तारखेचे पत्र मिळेल. पुन्हा जायचे असेल तर कृपया दुसरे कारण निवडावे.

सिंधू पांढरीपांडे

---

बार्शीटाकळी
गुरुवार, १० ऑक्टोबर २०२४

सिंधूताईंना साष्टांग नमस्कार.

आलं! सकाळी सहाला टिण वाजलं आणि मी दात घासायचे टाकून वाचायला बसलो. कळ्या खुडण्याचं तुम्ही इतकं सोपं करून लिहिलं आहे की मी तसाच ब्रश तोंडात धरून मळ्यात गेलो. मग बाणाचं बटण दाबून अकराही माणसांना प्रसाद पोचवला. सगळ्यांना फोन केले. "सुरू झालं बरं का!" म्हणालो. काहींना आनंदाने बोलताच येईना.

पण ताई, तो शेरा माझा नाही. देवाशपथ नाही. पाच सप्टेंबरला दुपारी दोनला मी घरीच नव्हतो. दोन दिवसांवर गणपती होते. अकोल्याच्या फुलबाजारात झेंडूच्या पोत्यांवर बसून मी घसा फोडत होतो, आणि मोबाईल गर्दीत हरवतो म्हणून घरी कोनाड्यात ठेवला होता. वाटल्यास कुंदनला विचारा, माझ्या बाजूच्याच पोत्यावर होता.

म्हणजे घरातलं कोणीतरी. मी आज दुपारी सगळ्यांना ओसरीत बसवलं आणि विचारलं, माझ्या मोबाईलला कोणी हात लावला? मुलगा अमोल म्हणाला, "बाबा, तुमच्या मोबाईलले मी काहून हात लावू? त्याले हात लावला का तुमी चार्जिंगचा हिशेब मागता." जयवंता ताटातली ज्वारी निवडत होती. ती म्हणाली, "लावला मी हात."

मी उठून उभा राहिलो.

"कशासाठी?"

"धूळ बसली होती. पुसला. अन् परत कोनाड्यात ठेवला. द्या आता फाशी."

पुसताना दाबलं गेलं असेल का, म्हणून मी तिला परत पुसायला लावलं आणि शेजारी बसून पाहिलं. काही दाबलं गेलं नाही. जयवंता म्हणते, आता रोज पुसून घ्या, तेवढंच एक काम माझं राहिलं होतं.

तुमच्या मनाला लागलं याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या पत्राचा उपयोग विचाराल तर आमच्या शेवंतीला गेल्या वर्षी पहिल्यांदा भाव आधी ठरला आणि फूल नंतर फुललं. दसऱ्याचं सोनं इथूनच देतो, घ्या.

तुमचा
सहदेव

---

अमरावती
१४ ऑक्टोबर २०२४

सहदेवभाऊ,

तुमचे आनंदाचे पत्र आज पोचले. आता बसा आणि पाणी प्या. ज्या दिवशी तुम्ही ते लिहिलेत, त्याच दिवशी दुपारी दोन वाजून पंचवीस मिनिटांनी तुम्ही पुन्हा यादी सोडली आहे. कारण तेच, 'मजकूर उपयोगाचा नाही.'

एका हातात तुमचे 'आलं!' आणि दुसऱ्या हातात तुमचे जाणे, असे दोन्ही घेऊन मी कितीतरी वेळ हसत बसले होते. राग आता राहिलेला नाही. कोडे राहिले होते, म्हणून नागपूरला माझा पुतण्या गौरांग आहे त्याला फोन केला. तो संगणकाच्या कामात आहे. त्याने एकच प्रश्न विचारला, "आत्या, हे आजोबा तुझं पत्र दुसऱ्यांना पाठवतात का?"

तुम्ही ते पहिल्याच पत्रात सांगितले होते. माझ्या लक्षात यायला हवे होते.

प्रत्येक मेलच्या अगदी तळाशी, माझ्या पत्त्याच्या खाली, फिकट अक्षरात एक बारीक ओळ असते, 'ही पत्रे नको असल्यास येथे दाबा.' तुमच्या मेलमधल्या त्या ओळीला तुमचे नाव जोडलेले असते. तुम्ही बाण दाबलात की ती ओळही तुमचे नाव घेऊन पुढे जाते. पुढच्या माणसाने ती दाबली, तर त्याचे काही होत नाही. यादीतून तुम्ही जाता.

तेव्हा तुमच्या अकरा जणांपैकी कोणीतरी ती दाबतो आहे. त्याला वाटत असणार, आपल्याकडे येणे थांबेल.

नाव परत घातले आहे. सध्या बाण दाबू नका. त्या अकरा जणांत कोण कोण आहेत, ते कळवता का?

सिंधू पांढरीपांडे

---

बार्शीटाकळी
१९ ऑक्टोबर २०२४

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं, मग भिंग घेऊन मेलच्या तळाशी गेलो. ती ओळ आहे. दोन वर्षं ती तिथेच होती आणि मी पत्त्यापर्यंत वाचून 'संपलं' म्हणत होतो.

अकरा जण सांगतो. माझे दोन साळे, पातूरचा मावसभाऊ, भजनातले पाच गडी, देवळाचे पुजारी, अमोलचे गुरुजी, आणि अंजनगाव सुर्जीचे आमचे व्याही ओमप्रकाशराव. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. आमची रूपाली त्यांच्या घरी दिली आहे. सगळी देवमाणसं.

मी काल एकेकाला फोन लावला. आडून विचारलं नाही, मला आडून येत नाही. म्हणालो, "मेलच्या खाली बारीक ओळ असते, ती तुम्ही दाबली का?" पुजारी म्हणाले, त्यांना मेल उघडताच येत नाही, ते नुसतं 'वाचलं, वाचलं' म्हणतात. साळे म्हणाले, "जिजाजी, तबेत बरी हाय ना?" इवाई म्हणाले, "कोणती ओळ? इकडे पाऊस सुरू होऊन राहिला," आणि फोन कटला. सगळ्यांनी नाही म्हटलं.

जयवंता म्हणते, "अकरा माणसाइले दर गुरुवारी पकडून परीक्षा घेता. मी असती तं ओळच काय, मोबाईलच दाबला असता वरवंट्याखाली."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, ताई. मला वाटत होतं तुम्ही मला वगळलं. तुमचं पत्र आलं नाही तर मी टाकीवर चढलो. माझं पत्र गेलं नाही तर अकरातला एकही खाटेवरून उठला नाही. उलट त्यातल्या एकाने दोनदा खटपट करून मला थांबवलं. मी माझ्याच माणसांना जड झालो आणि मला 'बस्स कर' म्हणणारा कोणी निघाला नाही.

मेळाव्याचं राहू द्या. तिथेही मी पाच-पन्नास लोकांना धरून शेवंतीचंच सांगत बसणार. कुंड्या चांगल्या आल्या आहेत. कुंदन अमरावतीला येईल, त्याच्याबरोबर चार देईन.

सहदेव मेहरे

---

अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती
२४ ऑक्टोबर २०२४

सिंधूताईंना ओमप्रकाश बोचरे यांचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा पत्ता मेलच्या तळाशी मिळाला. त्याच्याच खालच्या ओळीबद्दल लिहितो.

ती मी दाबली. दोन्ही वेळा.

मी वांगी-कोबीवाला माणूस. शेवंती आमच्या घरात फक्त मार्गशीर्षातल्या गुरुवारी येते. इवाई दर गुरुवारी सकाळी पत्र पाठवतात, ते मी सहन केलं असतं. पण दुपारी जेवून जरा आडवा झालो की फोन येतो, "इवाई, तिसऱ्या परिच्छेदात काय हाय?" मी उत्तर चुकलो की ते पूर्ण पत्र फोनवर वाचून दाखवतात. सूनबाई दारात उभी राहून हसते. सुनेच्या बापाला 'पाठवू नका' कसं म्हणायचं? आम्ही मुलाकडचे. आम्ही एक शब्द बोललो तर तिकडे त्याचे शंभर होतात, आणि मेहरेंसारखा साधा माणूस तो शब्द उशाशी घेऊन निजेल. म्हणून न बोलता ओळ दाबली. मला वाटलं, माझ्यापुरतं बंद होईल. चार कारणं होती, मी वरचं दाबलं. वाचलं नव्हतं.

काल रूपाली सांगत होती, बाबा मेळाव्याला जात नाही म्हणतात, कुंड्या वाटून टाकतो म्हणतात. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. माझ्याकडे भाजीचा टेम्पो आहे. काही कामात येत असेल तर सांगा. फक्त माझं नाव इवायाला कळू देऊ नका.

ओमप्रकाश बोचरे

---

अमरावती
२९ ऑक्टोबर २०२४

सहदेवभाऊ,

कोणी ओळ दाबली याची चौकशी मी बंद केली आहे. शिक्षिकेला इतके तरी कळते की वर्गात प्रत्येक वेळी उभे करून विचारायचे नसते. दाबणाऱ्याच्या मनात तुमच्याविषयी वाईट नव्हते, एवढे मी खात्रीने सांगते. कशावरून, ते विचारू नका.

आता ताकाची गोष्ट. तुमच्यावर रागावून मी माझ्या गच्चीतल्या दोन कुंड्यांवर तुमचे आंबट ताक शिंपडून पाहिले, तुम्हाला खोटे पाडण्यासाठी. दोन्हींची भुरी गेली. औषध मारलेल्या तिसऱ्या कुंडीची अजून आहे. येत्या गुरुवारी मी हे तुमच्या नावासह लिहिणार आहे. दोनशे बारा लोक वाचतील आणि त्यांतले निम्मे मेळाव्यात विचारतील, ताकवाले मेहरे कुठे आहेत? त्यांना मी काय सांगू? तुम्ही जड झालात म्हणून घरी बसलात?

जड माणूस कोणता असतो, भाऊ, हे मी तुम्हाला सांगते. ज्याला स्वतःपुरतेच मिळाले की पुरते, तो. तुम्ही एका मेलचे बारा केलेत.

सोबतच्या पाकिटात हळदीच्या अक्षता आहेत. हे यादीतले आमंत्रण नाही. मेहरे घराला चूलबंद आवतण आहे. एक डिसेंबरला तुमच्याकडे चूल पेटली असे कळले तर मी दोन जाणती माणसे घेऊन तुमच्या उंबऱ्यावर येईन आणि विचारीन, आमचे काय चुकले?

चाळीस कुंड्या एसटीने येणार नाहीत. तुमच्या व्याह्यांच्या टेम्पोत आणा.

दिवाळीच्या शुभेच्छांसह
सिंधू

---

बार्शीटाकळी
८ नोव्हेंबर २०२४

सिंधूताई,

अक्षता मिळाल्या. जयवंताने देवापुढे ठेवल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता तं जावंच लागते. पण त्या दिवशी मी चुलीले हात लावत नाही, सांगून ठेवते." तिचं नवं लुगडं काढून झालं. ताकाचं तुम्ही माझ्या नावाने लिहिलं, ते अमोलने कागदावर छापून आणलं आहे. कोनाड्यात मोबाईलमागे लावलं.

आता एक विचारतो. मी पाचवी पास असलो तरी माझी पत्रं मी लिहिण्याआधी दोनदा मनात लिहितो, त्यामुळे काय लिहिलं ते लक्षात राहतं. इवायाकडे टेम्पो आहे, हे मी तुम्हाला कधीच लिहिलं नव्हतं.

तुमचं पत्र हातात घेऊन मी दहा मिनिटं उभा होतो. मग जयवंताला वाचून दाखवलं. तिला आधी कळलं. ती इतकी हसली की शेजारीण पाणी घेऊन आली. "अन् त्या दिवशी म्हने पाऊस सुरू होऊन राहिला!" असं म्हणायची आणि परत हसायची. मला राग यायला पाहिजे होता, मी वाट पाहिली, आला नाही. मीही हसलो. त्या भल्या माणसाने माझं मन मोडू नये म्हणून आपली झोप मोडून घेतली. माझ्या पोरीचं सासर चांगलं आहे, ताई.

मी त्यांना काही बोललो नाही. तुम्हीही बोलू नका. फक्त फोन करून टेम्पो मागितला. मी 'टेम्पो' म्हणायच्या आधीच ते "हो हो, आणतो, आणतो" म्हणाले. डिझेलचं नाव काढू देईनात. भाऊबीजेला रूपाली आली होती. तिने सांगितलं, मामंजी महिनाभर आधीच टेम्पो धुऊन बसले आहेत.

माझी एकच विनंती. कागदाच्या मागे त्यांचा मेलचा पत्ता लिहिला आहे. त्यांना यादीत त्यांच्या स्वतःच्या नावाने घ्या. माझ्याकडून आलेलं उष्टं वाटत असेल. स्वतःच्या नावाचं आवतण आलं की माणूस पान मांडून बसतो.

सहदेव

---

बार्शीटाकळी
४ डिसेंबर २०२४

सिंधूताईंना सहदेवचा नमस्कार, जयवंताचाही. ती म्हणते, "माहा वेगळा लिवा."

घरी येऊन तीन दिवस झाले, घसा बसला आहे. वाचून दाखवायला आवाज नाही म्हणून लिहितो.

आम्ही निघालो तेव्हा पुढे इवाई आणि मी, मागे चाळीस कुंड्यांत जयवंता, पिवळ्या फुलांत पिवळं लुगडं. मूर्तिजापूरला चहा प्यायला थांबलो तर एका बाईने तिला विचारलं, कोणत्या देवीची पालखी आहे? जयवंता म्हणाली, "बार्शीटाकळीची. नारळ ठेव."

तुम्ही माइकवर 'ताकवाले मेहरे' म्हणालात आणि सगळा मांडव माझ्याकडे वळला. तुम्ही बोलायला सांगितलं, मला दोनच वाक्यं सुचली, तीही चुकली. पण टेबलावर जी गर्दी झाली ती तुम्ही पाहिली. माझा आवाज गेला बारा वाजता. त्यानंतर कोण बोललं असेल?

इवाई! मी खुर्चीत बसून ऐकत होतो. "ताक तीन दिवसाचं पाहिजे, गाळून घ्या, नाहीतर फवारणीचा पंप चोंदते. कळी खुडायची तं वरची खुडा, बाजूचे फुटवे येऊ द्या." कळीचं ते बोलणं तुमच्या ऑक्टोबरच्या पत्राचा तिसरा परिच्छेद होता, ताई, शब्दाला शब्द. फोनवर कधी एक उत्तर बरोबर दिलं नव्हतं त्यांनी. अंजनगावच्या एका ओळखीच्याने विचारलं, "ओमप्रकाशराव, तुमी तं वांगेवाले ना?" तर म्हणाले, "वांगे पोटासाठी. हे वेगळं."

परत येताना टेम्पोत मागे कुंडी एकही उरली नव्हती. दोन त्यांनी मागून घेतल्या होत्या, त्या पुढे माझ्या पायाशी होत्या. बडनेरा मागे पडलं. मग म्हणाले, "इवाई, मले एक सांगायचं होतं. ते ओळीचं."

मी म्हणालो, "कोणती ओळ? पाऊस येऊन राहिला वाटते."

डिसेंबरात, ताई. आभाळात एक ढग नव्हता. ते मोठ्याने हसले. इतके हसले की टेम्पो बाजूला घ्यावा लागला. मागून जयवंता ओरडली, "काय झालं? कुंड्या नाहीत तरी मी हाय ना मांगे!"

सहदेव

---

अंजनगाव सुर्जी
१७ जानेवारी २०२५

सिंधूताईंना ओमप्रकाश बोचरेचा नमस्कार.

काल गुरुवार होता. सकाळी सहापासून मोबाईल हातात धरून बसलो, तुमचं पत्र आलं नाही. इवायाला विचारलं तर त्यांना आलं आहे. म्हणजे मला यादीतून काढलं. काढायचं होतं तर काढा, पण ताई, माणसाला एक शब्द सांगून तरी काढावं. मी असं काय केलं? मागचं सगळं तर मी कबूल केलं होतं.

माझ्या दोन कुंड्यांच्या यंदा बारा होतील. ऐन फुटवे वेगळे करायच्या वेळी मी कोणाला विचारू?

शिवाय माझ्यावर नऊ माणसं अवलंबून आहेत. मी आता दर गुरुवारी तुमचं पत्र बाणाने पुढे पाठवतो. इवायाला सगळ्यांत आधी. त्यांना येतंच, पण एखादी ओळ त्यांच्या नजरेतून सुटली असेल तर? दुपारी फोन करून खात्रीही करून घेतो.

ताबडतोब कळवा.

ओमप्रकाश बोचरे

---

पोस्टकार्ड
बार्शीटाकळी, १८ जानेवारी २०२५

ताई, इवायाचं पत्र तुमच्याकडे आलं असेल. ते मी केलं.

महिनाभर मला तुमचं पत्र दोनदा येत होतं. त्यावर दुपारी जेवून आडवा झालो की फोन, "इवाई, तिसऱ्या परिच्छेदात काय हाय?" मला! जयवंता दारात उभी राहून हसते. पोरीच्या सासऱ्याला नको कसं म्हणावं, तुम्हीच सांगा. नऊ तारखेच्या गुरुवारी चष्मा पुसला, त्यांच्याकडून आलेल्या पत्राच्या तळाशी गेलो आणि ती ओळ दाबली. चार कारणं आली. तुमचा मान ठेवून मी 'पत्रे फार येतात' हे निवडलं.

त्यांना आजच परत घ्या. माझं नाव सांगू नका. पुढच्या डिसेंबरात साठ कुंड्या आहेत, टेम्पो लागेल.

सहदेव